मुडदुशी ओळखण्याची आणि गरवण्याची शिकवणी: देवबागमधील एका सेवेचे परीक्षण

मालवण तालुक्यातील देवबाग येथे, कर्ली नदी अरबी समुद्राला मिळते त्या मुखाजवळ, एक मच्छीमार कुटुंब पाहुण्यांना गळाने मासे धरायला शिकवते. अर्ध्या दिवसाच्या या कार्यक्रमासाठी माणशी बाराशे रुपये घेतले जातात आणि त्यात होडी, काठी, आमिष व दुपारचे जेवण यांचा समावेश असतो. हे घरगुती स्वरूपाचे काम आहे आणि पुढे काही उणिवाही स्पष्टपणे लिहायच्या आहेत, म्हणून कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही. या सेवेचे वेगळेपण असे की ती सुरमई, तांबोशी किंवा मोडोसा अशा मोठ्या माशांचे आमिष पर्यटकाला दाखवत नाही. आरक्षण करतानाच सांगितले जाते की आपण मुडदुशी धरायला जाणार आहोत, दुसरे काही लागले तर ते नशीब. किनाऱ्यावर अन्यत्र ‘खोल समुद्रातील मासेमारी’ या नावाखाली जे विकले जाते, त्यात पाहुण्याच्या हातात काठी देऊन त्याचा फोटो काढण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. त्या तुलनेत एकाच माशाचा नीट परिचय करून देण्याचा हा आग्रह मला मोलाचा वाटला.

मुडदुशी हा आपल्या किनाऱ्यावर सर्रास आढळणारा मासा आहे. मुंबईकडे काही ठिकाणी त्याला नगली म्हणतात, उपाहारगृहांच्या यादीत तो लेडीफिश म्हणून येतो, आणि शास्त्रीय नाव सिलॅगो सिहामा. तांबड्या समुद्रातील नमुन्यांवरून फोर्सकोल या निसर्गशास्त्रज्ञाने केलेले त्याचे वर्णन १७७५ साली प्रसिद्ध झाले. तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून जपान व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ, वालुकामय किनाऱ्यांवर तो राहतो आणि खाड्यांमध्येही आत शिरतो. देवबागला तो का मिळतो, हे जागा पाहिल्यावर कळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीचे पात्र, मधे माडांनी भरलेली अरुंद वाळूची जीभ आणि मुखाशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्या. वाळूत राहणारे किडे, लहान कोळंबी आणि तत्सम जीव हे या माशाचे खाद्य असल्याने त्याला याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

तारीख ठरवण्याची त्यांची पद्धत पाहूनच माझा या मंडळींवर विश्वास बसला. मी शनिवार मागितला होता. त्यांनी तिथी पाहून मंगळवार दिला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, म्हणजे त्या दिवशी भरतीच्या सहाएक तास आधी, सकाळी आठ-नऊच्या सुमारास, ओहोटी संपते आणि पाणी पुन्हा चढू लागते. त्यांना नेमके हेच हवे असते, कारण सातच्या सुमारास पोहोचलेल्या पाहुण्याला आधी उघडी पडलेली वाळू दाखवता येते आणि नंतर तीच वाळू पाण्याखाली जात असताना तिच्यावर गळ टाकता येतो. सिंधुदुर्गात भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या मानाने बराच कमी असला, तरी मुखाजवळच्या उथळ पट्ट्यांवर तेवढाही फरक पुरेसा ठरतो. सुट्टीचाच दिवस हवा असा हट्ट धरणाऱ्यांना ते नकार देतात की नाही, हे मी विचारले नाही. मात्र मला दिलेला सल्ला त्यांच्या धंद्यापेक्षा माशाच्या सोयीचा होता.

पहिला तास ओळखीचा. ओल्या गोणपाटावर आदल्या संध्याकाळी पागात (हाताने फेकायच्या जाळ्यात) आलेले तीन मासे मांडून ठेवले होते: मुडदुशी, बोईट आणि चोर बोंबील. लांबट, चंदेरी आणि वाळूच्या आसपास फिरणारे हे तिन्ही मासे नवख्या माणसाला दुरून सारखेच दिसतात, आणि बाजारातही गडबडीत घेणाऱ्याची फसगत होऊ शकते. मुडदुशीचे अंग टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे पुढे निमुळते होत जाते आणि त्या टोकाला, किंचित खालच्या बाजूस, अगदी लहान तोंड असते. पाठीचा रंग फिकट, वाळूशी मिळताजुळता, पोट पांढरे, आणि बाजूवर मधोमध एक रुपेरी पट्टा, जो मासा ताजा असताना उन्हात तिरपा धरला की स्पष्ट उठून दिसतो. कल्ल्याच्या झाकणावर एक छोटा टोकदार काटा असतो, जो पकडताना बोटाला लागल्यावरच सहसा लक्षात येतो.

खरी खूण परांमध्ये आहे आणि शिकवणाऱ्याने ती सावकाश उलगडून दाखवली. पाठीवर दोन पर असतात. पुढचा उंच, त्रिकोणी आणि अकरा काट्यांचा. त्यामागे थोड्या अंतरावर दुसरा, बुटका आणि लांब, शेपटीच्या मुळाजवळपर्यंत पसरलेला, ज्यात एक काटा आणि वीस ते तेवीस मऊ किरणे असतात. पोटाखालचा मागचा परही जवळपास तितकाच लांब आणि वरच्या पराच्या समोरासमोर असतो. आता शेजारचा बोईट पाहावा: डोके रुंद आणि वरून चपटे, पाठीवरचे दोन्ही पर आखूड आणि एकमेकांपासून दूर, पुढच्यात केवळ चार काटे. चोर बोंबलाचे तोंड डोळ्याच्याही मागपर्यंत फाटलेले आणि सुईसारख्या दातांनी भरलेले असते, पाठीवर मऊ किरणांचा एकच मोठा पर असतो आणि शेपटीआधी मांसाचा एक इवलासा फुगीर तुकडा. एकदा हे तिघे शेजारी ठेवून बोटाने पर उलगडून पाहिले की पुन्हा गोंधळ होत नाही. छापील तक्ता वाटण्याऐवजी खरे मासे हातात देण्याची ही रीत उत्तम आहे. शिवाय एक व्यावहारिक मुद्दाही त्यातच सांगितला गेला, तो असा की बोईट हा प्रामुख्याने शेवाळ आणि गाळातले सेंद्रिय कण खाणारा मासा असल्याने कोळंबीच्या आमिषाला तो सहसा लागत नाही. म्हणजे गळावर लांबट चंदेरी मासा आला तर प्रश्न बहुधा मुडदुशी की चोर बोंबील एवढाच उरतो.

सिलॅगो वंशातल्या निरनिराळ्या जाती आपल्या किनाऱ्यांवर आहेत आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्यासाठी मासा फाडून पोटातल्या हवेच्या पिशवीचा आकार पाहावा लागतो. सिहामाच्या पिशवीला पुढे दोन आणि मागे दोन शेपट्या असतात. एवढ्या खोलात हा कार्यक्रम शिरत नाही आणि शिरायचे कारणही नाही. मात्र जेवणासाठी मासे साफ करताना ती पिशवी दाखवण्याची संधी आयतीच असते; जिज्ञासू पाहुण्याने स्वतःहून विचारावे.

त्यानंतर वाळूचा पाठ. ओहोटीच्या शेवटी पट्ट्या उघड्या असताना चालत जाऊन कुठे पाण्याने नाळ पाडली आहे, कुठे किड्यांच्या बिळांवर वाळूच्या बारीक वळकट्या साचल्या आहेत, कुठे पट्टीची कड एकदम खोल होते, हे दाखवले जाते. भरतीचे पहिले पाणी या नाळांतून आत शिरते आणि मुडदुशीचे थवे त्याच्यामागोमाग कडेकडेने वर येतात. त्यामुळे गळ दूर समुद्रात फेकण्याची हौस इथे निरुपयोगी ठरते. पंधरा-वीस हातांवरची कड हेच लक्ष्य. पाण्यात उतरताना पाय उचलून न टाकता घासत चालायला सांगितले जाते, कारण वाळूत पाकट हा चपटा मासा दबून बसलेला असू शकतो आणि त्याच्या शेपटीचा काटा गंभीर जखम करतो. ही सूचना प्रत्येकाला स्वतंत्रपणे, पाण्यात उतरण्यापूर्वी देण्यात आली, याची नोंद घ्यायला हवी.

साधनांच्या बाबतीत मात्र सेवा कमी पडते. दिलेल्या काठ्या होडीतून जड मासा ओढण्यासाठीच्या, जाड आणि ताठ टोकाच्या होत्या. मुडदुशीचा चावा इतका हलका असतो की असे टोक तो हातापर्यंत पोहोचूच देत नाही. रिळांवरची तंगूस, म्हणजे गळाची दोरीही, गरजेपेक्षा जाड होती आणि एका रिळात वाळू गेल्याने ते फिरवताना करकरत होते. सर्वांत मोठी अडचण गऱ्यांची, म्हणजे गळाच्या आकड्यांची; त्यांचा नंबर जितका मोठा तितकी गरी लहान. एवढ्याशा तोंडाच्या माशासाठी आठ किंवा दहा नंबरची, लांब दांड्याची बारीक गरी हवी. येथे चार नंबरच्या गऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात आमच्यातील बहुतेकांचे आमिष कुरतडले जात होते, मासा मात्र लागत नव्हता. मी सोबत हलकी सात फुटी काठी, तीन-चार किलो ताण सोसणारी तंगूस आणि दहा नंबरच्या गऱ्या नेल्या होत्या, आणि त्या बदलून लावताच फरक दिसला. मांडणी साधीच ठेवावी: पंधरा ते तीस ग्रॅमचे भोक पाडलेले शिसे तंगुशीवर मोकळे सरकते ठेवायचे, त्याखाली छोटी फिरकी आणि फिरकीपासून हातभर अंतरावर गरी. शिसे मोकळे असल्याने मासा आमिष घेऊन सरकतो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही.

गमतीची गोष्ट अशी की शिकवणारे गृहस्थ स्वतः काठी वापरतच नाहीत. लाकडाच्या फळकुटावर गुंडाळलेली बारीक तंगूस, टोकाला शिसे आणि लहान गरी, एवढेच त्यांचे हत्यार. डाव्या हातात मोकळी वेटोळी धरून ते उजव्या हाताने शिसे फिरवून सोडतात आणि तंगूस तर्जनीवरून घेऊन किंचित ताणून ठेवतात. आम्हा काठीवाल्यांपेक्षा त्यांना जास्त मासे लागत होते, ते केवळ अनुभवामुळे नव्हे. बोटावरून गेलेल्या तंगुशीला जे कळते, ते ताठ काठीला कळत नाही. ही हातातली तंगूस पाहुण्यांनाही का देत नाहीत, असे विचारल्यावर पर्यटकांना काठीच हवी असते असे उत्तर मिळाले. माझ्या मते ही चुकीची समजूत आहे आणि कुटुंबाने ती सोडून द्यावी. जाड काठ्यांवर खर्च करण्यापेक्षा प्रत्येकाला एक फळकूट दिले तर सेवा स्वस्तही होईल आणि चांगलीही.

आमिषाबाबत तक्रारीला जागा नाही. खाडीतली ताजी लहान सुंगटे (कोळंबी) आणली होती. डोके आणि कवच काढून, नखाएवढा तुकडा गरीच्या दांड्यावरून मोज्यासारखा चढवायचा आणि गरीचे टोक जेमतेम बाहेर ठेवायचे, हे त्यांनी प्रत्येकाच्या हातून करून घेतले. तुकडा मोठा ठेवला तर मासा कडेकडेने खातो आणि गरी तोंडात जात नाही. मीठ चोळून तासभर ठेवलेली सुंगटे अधिक घट्ट होतात आणि फेकताना गळून पडत नाहीत; बर्फातली कोळंबी वापरण्याची वेळ आलीच, तर हा उपाय करावाच लागतो.

आता प्रत्यक्ष चावा. गळ कडेवर पडला की तळाला शिसे टेकू द्यायचे, तंगूस ताणायची आणि मग अगदी हळू, वीतभर ओढून थांबायचे, पुन्हा वीतभर ओढायचे. शिसे वाळूवरून घसरते तेव्हा उडणारी धूळ माशाचे लक्ष वेधते. चावा येतो तो सलग दोन-तीन बारीक टिचक्यांचा, थरथरल्यासारखा. येथे बहुतेक नवखे हिसका देतात आणि आमिष सुटते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनीही तेच केले, तेव्हा मागून शांतपणे सूचना आली, “घाई करू नकात, मासो खंय जाणा नाय.” टिचक्यांनंतर ओढीत जरा वजन जाणवले की मनगट फक्त वर उचलायचे. लागलेली मुडदुशी आकाराच्या मानाने बरीच झुंजते, डोके झटकत तळाकडे जाऊ पाहते, पण तिचे तोंड नाजूक असल्याने ताण एकसारखा ठेवून तिला उथळ पाण्यात सरकवत आणावे लागते. एक लागली की त्याच जागी लगेच पुन्हा गळ टाकावा, कारण हा थव्याने फिरणारा मासा आहे. थवा पुढे सरकला की चावे एकाएकी थांबतात, आणि मग त्याच जागी उभे राहण्यात अर्थ नसतो. पाणी जसजसे चढते तसतसे आपणही पट्टीवर मागे सरकायचे असते. धोका जाणवला की हा मासा वाळूत घुसून बसतो, आणि म्हणूनच किनाऱ्याजवळ ओढलेल्या जाळ्याखालून तो बऱ्याचदा निसटतो. उथळ पाण्यात धपाधप चालणाऱ्यांना चावे का मिळत नाहीत, याचे स्पष्टीकरणही यातच आहे.

मुडदुशीखेरीज दोन पाहुणे हमखास येतात. एक केंड, जो बाहेर काढल्यावर पोट फुगवतो, मजबूत दातांनी बारीक तंगूस सहज तोडतो आणि ज्याच्या अंगात जीवघेणे विष असल्याने तो कोणत्याही परिस्थितीत खाऊ नये. दुसरी शेंगटी, म्हणजेच शिंगाळ्याचे पिल्लू. तिच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांचा डंख चांगलाच ठणकतो, म्हणून हाताने न धरता पकडीने गरी सोडवावी. दोन्ही वेळा कुटुंबातल्या तरुण मुलाने पुढे येऊन मासा सोडवून दिला. त्याची तत्परता वाखाणण्यासारखी होती. मात्र पकड संपूर्ण गटात मिळून एकच होती.

माझी मुख्य नाराजी लहान माशांविषयी आहे. हा मासा ३० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकतो; आम्हाला मिळालेले बरेचसे वीतभर किंवा त्याहून लहान होते आणि ते सरसकट बादलीत गेले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले, त्यानंतर किनाऱ्यावर या विषयाची जाणीव निदान चर्चेपुरती तरी वाढली आहे. यादीत कोणता मासा आहे आणि कोणता नाही, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी शिकवणीच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात एक मोजपट्टी असावी आणि १५ सेंटीमीटरपेक्षा लहान मासा ओल्या हाताने सोडून द्यावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. मी माझे लहान मासे सोडले तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, पण इतरांना तसे सुचवलेही नाही. याउलट, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ साली घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य आहे आणि तिकडे गळ टाकायला नेणार नाही, हे त्यांनी एका पाहुण्याच्या आग्रहाला न जुमानता ठामपणे सांगितले, हेही नमूद केले पाहिजे.

सुरक्षिततेचे चित्र संमिश्र आहे. पात्र ओलांडून पट्टीवर नेणारी होडी धडधाकट होती, पण जीवरक्षक जाकिटे होडीच्या तळाशी ठेवलेली होती आणि मागितल्यावरच मिळाली. मुखाशी ओहोटीचा ओढ जोरदार असतो. तेथे जाकीट घालूनच होडीत बसायचे, हा नियम असायला हवा. पट्टीवर सावली अजिबात नाही. पिण्याचे पाणी पुरेसे होते. कपडे बदलण्यासाठी घरामागे स्वच्छ न्हाणीघर आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात. मुडदुशीचे मांस पांढरे, मऊ आणि कमी काट्यांचे असल्याने मसाल्याचा भडिमार तिला सोसत नाही, आणि ही जाण या स्वयंपाकघरात आहे. खवले काढून, मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून, बेताच्या लाल मसाल्यात आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर भाजलेले मासे, सोबत भात, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले आणि सोलकढी. आपण धरलेलेच मासे आपल्या ताटात येतात, कमी पडले तर पागातले भर घालतात. आगळ आधी लावून थोडा वेळ मुरू दिल्याने मासा तव्यावर मोडत नाही, असे घरातल्या काकूंनी सांगितले. घरी करून पाहिले तर ते खरे ठरले.

बाराशे रुपये अधिक आहेत का? नुसत्या होडीफेरीच्या आणि जेवणाच्या हिशेबाने ते थोडे अधिक वाटतील. परंतु वाळू वाचायला शिकवणारा माणूस सकाळभर शेजारी उभा राहतो, याची किंमत त्यात धरली तर दर रास्त आहे. ज्यांना मोठा मासा उचलून फोटो काढायचा आहे, त्यांची येथे निराशा होईल. दहा-बारा वर्षांची मुले असलेल्या कुटुंबांना हा कार्यक्रम विशेष मानवेल, कारण चावे वारंवार मिळतात आणि पाणी गुडघ्याइतकेच असते. पावसाळ्यात सेवा बंद असते. पाऊस संपून खाडीचे पाणी निवळले की, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरपासून, जावे. आरक्षणाच्या वेळी तृतीया किंवा चतुर्थीची सकाळ मागावी, दहा नंबरच्या लांब दांड्याच्या गऱ्यांचे एक पाकीट आणि स्वतःची पकड सोबत न्यावी, आणि शक्य असेल तर काठी नाकारून हातातली तंगूस द्यायला सांगावे. मागितली तर ते देतात.